आयटीचे शेअर पडले, घ्यायचे का?

आयटीचे शेअर कोसळले की कॉलेजच्या ग्रुपवर दोनच प्रकारचे मेसेज येतात. ‘संपलं, एआय सगळं खाणार’ किंवा ‘सेल लागलाय, उचला!’ दोन्ही पाठवणाऱ्यांनी कंपनीचा तिमाही निकाल उघडलेला नसतो, यावर वडापावची पैज लावा.

पडझडीची तारीख आधी कोणालाच सांगता येत नाही. ती कुठून येते, हे मात्र कळू शकतं. 12 एप्रिल 2013 ला इन्फोसिसचा शेअर एका दिवसात 20 टक्क्यांहून जास्त पडला. 17 एप्रिल 2023 ला पुन्हा नऊ टक्क्यांच्या वर. दोन्ही वेळा कंपनी नफ्यातच होती! फक्त पुढच्या वर्षी कमाई किती वाढेल याचा तिने दिलेला अंदाज, म्हणजे ‘गायडन्स’, बाजाराच्या अपेक्षेपेक्षा कमी निघाला.

आपल्या मुळशीतलंच बघा ना. गाड्यांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या केपीआयटीचं मुख्यालय हिंजवडी-माणला आहे. मार्च 2020 मध्ये, कोविडच्या धसक्यात, तिचा शेअर 40 रुपयांच्या खाली मिळत होता. जुलै 2024 मध्ये तोच 1900 च्या वर गेला. मग परदेशातल्या गाडी कंपन्यांनी हात आखडते घेतले, ऑक्टोबरमध्ये केपीआयटीने वाढीचा अंदाज खाली आणला आणि एप्रिल 2025 पर्यंत भाव 1200 च्याही खाली आला. तेव्हा शेअरच्या ॲपपेक्षा जर्मनीतल्या गाड्यांच्या बातम्या वाचणाऱ्याला जास्त कळलं असतं.

म्हणजे पडला की घ्यायचा? थांबा. डिसेंबर 2008 मध्ये ‘सत्यम’ पडला, तेव्हा स्वस्त म्हणून अनेकांनी घेतला. तीनच आठवड्यांत, 7 जानेवारी 2009 ला, अध्यक्षांनीच हिशेब खोटे असल्याचं कबूल केलं आणि उरलेल्या भावातलाही पाऊण हिस्सा एका दिवसात गेला. प्रवर्तकांनी आपले शेअर गहाण ठेवलेत का, हे म्हणून आधी बघायचं. एकाच ग्राहकावर किती कमाई अवलंबून आहे, तेही. दोन्ही माहिती फुकट मिळते.

आता खरा मुद्दा, जो फक्त आपल्याकडचा आहे. तुम्ही माण, मारुंजी, हिंजवडीचे असाल, तर तुमच्या घराची गुंतवणूक आयटीत आधीच झालेली आहे. वरच्या मजल्यावरचे पीजी, कंपनीला लावलेली कॅब, ताईची नोकरी, बाबांची मेस, सगळं त्याच पार्कवर चालतं. मंदी आली की भाडेकरू जातात, भरती थांबते आणि शेअरही पडतो. तिन्ही एकदम. अशा घरातल्या मुलाने पॉकेटमनीही आयटीतच घालणं मला तरी धाडसाचं वाटतं. बँक, औषधं किंवा सरळ निफ्टीचा इंडेक्स फंड त्याच्यासाठी जास्त कामाचा. बारामती किंवा साताऱ्याहून शिकायला आलेल्याचं, ज्याच्या घरी ऊस आहे, त्याचं गणित वेगळं. त्याला थोडा आयटी चालेल.

आणि पडझडीवर ऑप्शन्समध्ये पैज लावायची खुमखुमी असेल, तर सेबीचा सप्टेंबर 2024 चा अभ्यास वाचा. तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या 100 पैकी 93 व्यक्तींचं नुकसान झालं. त्यात तिशीच्या आतल्यांचं प्रमाण एका वर्षात 31 वरून 43 टक्क्यांवर गेलं होतं.

जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर. या चार महिन्यांच्या दुसऱ्या आठवड्यापासून आयटीचे निकाल यायला लागतात. पुढच्या वेळी पैसे न घालता नुसतं एका कंपनीचं गायडन्स वाचा, भाव कुठे जाईल ते वहीत लिहा आणि दुसऱ्या दिवशी तपासा.