उंबरठ्याच्या आतील सारमेय

महाभारताच्या आदिपर्वात, मुख्य कथेला प्रारंभ होण्यापूर्वीच, एक छोटीशी हकीकत येते. परीक्षिताचा पुत्र जनमेजय कुरुक्षेत्री दीर्घसत्र करीत असता कुत्र्याचे एक पिल्लू यज्ञस्थळी येते आणि राजाचे तिघे भाऊ त्याला बडवून काढतात. पिल्लू रडत आपल्या आईकडे, देवशुनी सरमेकडे, जाते. माझ्या मुलाने हविर्द्रव्याकडे पाहिले नाही, त्याला तोंडही लावले नाही. मग त्याला मारले कशासाठी, असा रोकडा प्रश्न घेऊन सरमा भर यज्ञात येऊन उभी राहते. उत्तर कोणाकडेच नसते. तेव्हा तुमच्यावर ध्यानीमनी नसलेले भय ओढवेल, असा शाप ती देते आणि त्याच्या निवारणासाठी राजाला योग्य पुरोहित शोधत हिंडावे लागते. एवढ्या प्रचंड ग्रंथाच्या दारातच एका निरपराध पिल्लाचे रडणे ठेवलेले आहे, हे दिवाळीच्या दिवसांत मला हटकून आठवते.

कारण सरमेची वंशावळ आता अंगण सोडून उंबरठ्याच्या आत आली आहे. मुंबई, ठाणे, पुणे येथील सदनिकांतून अलीकडे जे इवलेसे, लोकरीच्या गुंड्यासारखे कुत्रे दृष्टीस पडते, ते बहुधा संकरातून आलेले असते. माल्टीज आणि टॉय पूडल यांचे ‘माल्टीपू’ हे त्यातले विशेष लाडके. वजन साधारण तीन-चार किलो, म्हणजे वाण्याकडच्या तांदळाच्या पिशवीएवढे. ‘टॉय’ हा शब्द श्वानशास्त्रात केवळ आकारमान दर्शवितो. आपल्याकडे मात्र तो अक्षरशः घेतला जातो आणि पाडव्याची ओवाळणी म्हणून पिल्लू घरी आणले जाते. हे खेळणे बारा ते पंधरा वर्षे जगते, याचा हिशेब त्या उत्साहात कोणी करीत नाही.

आणावयाचेच असेल, तर पिल्लू आठ आठवड्यांहून लहान नसावे. २०१७ च्या श्वानप्रजनन व विक्रीविषयक केंद्रीय नियमांनी त्याहून लहान पिल्ले विकण्यास मनाई केली आहे. पिल्लाची आई पाहिल्याखेरीज व्यवहार करू नये, असे मी तरी म्हणेन. संकर म्हणजे निरोगीपणाचा दाखला, ही समजूत फसवी आहे. पूडलच्या संकराची ही लाट पसरविण्यात ऑस्ट्रेलियातील वॉली कॉन्रन यांचा मोठा वाटा. पतीला कुत्र्याच्या केसांची ॲलर्जी असलेल्या एका अंध महिलेसाठी त्यांनी १९८९ च्या सुमारास लॅब्राडॉर आणि पूडल यांचा संकर घडविला. पुढे जो तो पैशासाठी वाटेल तसे संकर करू लागला, तेव्हा याच गृहस्थांनी आपल्या कृतीबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. आणि ॲलर्जीचे म्हणाल, तर तिचे कारण निव्वळ केसांत नसून लाळेत आणि त्वचेच्या कोंड्यातही असते. ते नसलेला कुत्रा अद्याप जन्माला यावयाचा आहे.

पूडलच्या अंशामुळे केस कमी गळतात, हे खरे. पण ते गळत नाहीत म्हणूनच गुंततात. कानांमागे, काखेत, पट्ट्याखाली जटा वळतात आणि आतली कातडी ओढली जाऊन सोलवटते. नित्य विंचरणे याला पर्याय नाही. घरातल्या आजींनी नातीची वेणी घालावी, तसे रोज दहा मिनिटे मांडीवर घेऊन मुळापासून फणी फिरवावी. वरवर ब्रश मारणाऱ्यांना जट कात्री लावतानाच सापडते. दात लहान जबड्यात दाटीने उगवतात, दुधाचे काही तसेच राहतात आणि कीट साचते. तेव्हा दातही घासावयाचे. गुडघ्याची वाटी सरकण्याची खोड या जातींत पुष्कळ, म्हणून पलंगावरून उड्या नकोत. श्वासनलिका नाजूक, म्हणून फिरावयास नेताना दोरी गळ्याला न बांधता छातीच्या पट्ट्याला बांधावी. लहान पिल्लू काही तास उपाशी राहिले तरी रक्तातली साखर उतरून लटपटू लागते. रेबीजची लस तर घरातल्या घरात वावरणाऱ्यालाही चुकत नाही.

आता दिवाळीकडे वळू. फराळाच्या ताटापाशी बसून हा प्राणी ज्या नजरेने पाहतो, ती पाहून वहिनींचा हात करंजीकडे न गेला तरच नवल. परंतु करंजीच्या सारणात आणि चिवड्यात बेदाणे असतात, आणि बेदाणे अथवा द्राक्षे कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी करू शकतात. किती खाल्ल्यावर, हे आधी सांगता येत नाही. तीन किलोच्या देहाला मूठभरही अधिकच. चॉकलेट, कांदा, लसूण हीही त्याला विषेच. पाहुण्यांनी आणलेला चॉकलेटचा डबा टीपॉयवर न ठेवता कपाटात ठेवावा. खाल्लेच, तर लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्य गाठावा. पणत्या लांब केसांच्या उंचीवर नकोत. अंगणात टाकलेली फुलबाजीची तापलेली तार इवल्या पंज्याला डाग देते.

सर्वांत कठीण रात्र फटाक्यांची. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिवाळीच्या रात्री आठ ते दहा अशी वेळ घालून दिली. ती किती पाळली जाते, हे वाचक जाणतातच. माणसाला ऐकू येणाऱ्या पट्टीच्या दुपटीहून वरचे स्वर ज्याला ऐकू येतात, त्याच्या कानाशी सुतळी बॉम्ब काय करीत असेल! तो थरथरतो, लाळ गाळतो, पलंगाखाली शिरतो. तेथून त्याला ओढून काढू नये. संध्याकाळ होण्यापूर्वीच फिरवून आणावे, आतल्या खोलीच्या खिडक्या लावून रेडिओ सुरू ठेवावा आणि शक्य तर घरच्या एकाने त्याच्याजवळ बसावे. जवळ घेतल्याने भित्रेपणा वाढतो असे वडीलधारे सांगतात. पशुवैद्यांना ते मान्य नाही. भीती फारच असेल, तर औषधाचा विचार वसुबारसेच्या पुष्कळ आधी पशुवैद्यांशी करावा. आपल्या झोपेच्या गोळ्यांचा तुकडा कदापि देऊ नये.

आपण ज्या पहाटे अभ्यंगस्नान करतो, त्याच चतुर्दशीला नेपाळात ‘कुकुर तिहार’ असतो. घरच्याच नव्हे, रस्त्यावरच्या कुत्र्यांच्याही कपाळी टिळा लावतात, गळ्यात झेंडूचा हार घालतात, गोडधोड खाऊ घालतात. दत्तात्रेयाच्या पायाशी चार श्वान आणि खंडोबाच्या सोबतीला श्वान पाहणाऱ्या मराठी मनाला ही पूजा परकी वाटू नये. आपल्या घरी हार घालावयास हरकत नाही. फक्त त्याबरोबर घरचा दूरध्वनी क्रमांक कोरलेला एक पितळी बिल्लाही पट्ट्याला अडकवावा. फराळाला येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी दार उघडेच असते, आणि बार उडाला की घाबरलेले तीन किलोंचे जनावर चार मजले उतरून रस्त्यावर केव्हा पोहोचते, ते कळतही नाही.