डेटाबेसची गती : इंडेक्स, क्वेरी आणि मेमरी

इंडेक्स : सबंध तक्ता न चाळता नेमक्या नोंदीपाशी पोहोचविणारी, दप्तराच्या सूचीसारखी स्वतंत्र रचना. रूडॉल्फ बायर व एडवर्ड मॅक्क्राइट यांनी बोइंगच्या संशोधनशाळेत सिद्ध केलेली व १९७२ मध्ये विस्ताराने प्रसिद्ध झालेली ‘बी-ट्री’ पद्धती बहुतेक संबंधाधिष्ठित डेटाबेसांत आजही प्रचलित असून, तिच्या प्रत्येक पानास शंभर फाटे आहेत असे धरल्यास, १० कोटी नोंदींतील इष्ट नोंद अवघ्या चार पायऱ्यांत हाती लागते. मात्र तक्त्यात नोंद दाखल झाली वा खारीज झाली की तिची रुजवात प्रत्येक इंडेक्सातही घालावी लागत असल्याने, इंडेक्सांची खोगीरभरती लेखनाची गती कमी करते. गती मंदावली म्हणून केलेली नव्या सर्व्हरची मागणी मंजूर होण्यापूर्वी ही बाब बहुधा तपासलीच जात नाही.

ऑप्टिमायझर : क्वेरीचा, म्हणजे माहितीच्या मागणीचा, मार्ग ठरविणारा घटक. खर्चाच्या अंदाजावरून मार्ग निवडण्याची पद्धत आयबीएमच्या ‘सिस्टिम आर’ प्रकल्पातील पॅट्रिशिया सेलिंजर व सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये मांडली. तक्त्यांची सांख्यिकी जुनी झाली असल्यास अंदाज चुकतो.

मेमरी व डिस्क : मेमरीतील वाचनास सुमारे १०० नॅनोसेकंद, फिरत्या डिस्कवरील वाचनास कित्येक मिलिसेकंद लागतात; वारंवार लागणारी पाने मेमरीतील बफरमध्ये राखतात ती याचसाठी.

भेद :
- पार्टिशनिंग – एकाच तक्त्याचे विभाग.
- रेप्लिकेशन – त्याच माहितीच्या अन्य सर्व्हरवरील प्रती. वाचनाचा भार विभागतो, लेखनाचा नव्हे.