रायफल अंगाला बसवताना

२०२२ मध्ये कैरोत १० मीटर एअर रायफलचं जगज्जेतेपद जिंकणारा रुद्रांक्ष पाटील आपल्या ठाण्याचा! त्याचं बघून ठाणे, कल्याण, डोंबिवलीतून या खेळात उतरत असाल, तर ब्रँडच्या आधी फिटिंग बघा.

नियमाने रायफल साडेपाच किलोपर्यंत, छर्रा ४.५ मिलिमीटरचा, दुर्बीण चालत नाही. बाकी बरंच आपल्या हातात. आधी बटप्लेट, म्हणजे दस्त्याचा खांद्याला टेकणारा भाग, खांद्याच्या खळगीत नीट बसवा, मग गालाखालचा चीकपीस. गाल टेकवला की डोळा आपोआप डायोप्टरमागे (नेम धरायच्या मागच्या साईटमागे) यायला हवा, मान ताणावी लागली तर उंची चुकलीय. दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा, त्यामुळे या जुळवणीला वेळ देण्यात कंजुषी नको. ट्रिगरला किमान वजनाची अट नाही, तरी नवशिक्याने तो फार हलका करू नये असं माझं मत.

एकच रायफल दोघंतिघं वापरत असाल तर प्रत्येकाच्या सेटिंगचे आकडे वहीत लिहा. हवेच्या सिलिंडरवरची तारीखही तपासा. दहा वर्षं उलटली की तो स्पर्धेत चालत नाही.