बंड्या, खंड्या आणि सातारा

‘पेट्स अलाउड आहेत ना?’ हा प्रश्न मी फोनवर तीनदा विचारला होता. तिन्ही वेळा ‘येस मॅडम’ असंच उत्तर मिळालं होतं. आणि आता साताऱ्यातल्या त्या चकाचक हॉटेलच्या रिसेप्शनवरचा टायवाला मुलगा बंड्याकडे बघून म्हणत होता, ‘मॅडम, आम्हाला वाटलं छोटं असेल. म्हणजे पॉमेरेनियन वगैरे...’

बंड्या छोटा नाही आणि पॉमेरेनियन तर मुळीच नाही. बावीस किलोंचा, एक कान उभा आणि एक पडलेला, असा अस्सल गावठी गडी आहे तो. चार वर्षांपूर्वी पावसाळ्यात आमच्या पार्किंगमध्ये सापडला. ‘दोन दिवस ठेवू, मग बघू’ असं मी आणि माझ्या फ्लॅटमेटने ठरवलं होतं. ते ‘मग’ काही उजाडलं नाही. खाणं फिफ्टी-फिफ्टी, डॉक्टर फिफ्टी-फिफ्टी, सकाळचं फिरवणं तिच्याकडे, रात्रीचं माझ्याकडे. संसार छान चालला होता.

पण डिसेंबरमध्ये तिचं लग्न आहे. नवरा बेंगळुरूचा आणि सासूबाईंना कुत्र्याच्या केसांची अ‍ॅलर्जी. राहिले मी. फ्रीलान्सर माणूस, आज घरी तर उद्या नाशिकला. गेल्या दिवाळीत बंड्याला एका बोर्डिंगमध्ये ठेवलं होतं, तर पठ्ठ्याने तीन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही. शेवटी सासवडजवळच्या एका फार्महाऊसवाल्या काकांशी बोलणं झालं. मोकळी जागा, आणखी दोन कुत्री. ‘सोमवारी नक्की काय ते सांगा,’ म्हणाले. म्हणून हा वीकेण्ड. फ्लॅटमेट त्याला ‘ट्रायल’ म्हणत होती: आपण बाहेर पडलो तर हा बरोबर येऊ शकतो का, बघू. मी मनातल्या मनात त्याला फेअरवेल म्हणत होते.

साताराच का? जवळ आहे हे एक. पुण्याहून गाडीने साधारण ११० किलोमीटर. महाबळेश्वरला जाणारी गर्दी साताऱ्याच्या अलीकडेच वळून जाते, त्यामुळे एका छत्रपतींची राजधानी असलेलं हे गाव वीकेण्डलाही आपल्या तंद्रीत असतं. आणि दुसरं कारण म्हणजे खंड्या. त्याच्याकडे येतेच.

शनिवारी पहाटे साडेपाचला निघालो. खंबाटकीचा घाट चढताना बंड्याने मागच्या सीटवर सकाळची पोळी परत केली (टीप : कुत्र्याला प्रवासाच्या आधी तीन-चार तास काही खायला देऊ नका. आम्हाला हे माहीत होतं. तरी दिली.) साताऱ्याच्या अलीकडे हायवे सोडून लिंब गावात शिरलो, तिथली बारा मोटांची विहीर बघायला. विहीर कसली, जमिनीत उतरवलेला वाडा आहे तो! १७१९ ते १७२४ या काळात वीरूबाई भोसले यांनी बांधून घेतलेली. खोली सुमारे ११० फूट, व्यास ५० फूट, वरून बघितलं की आकार शिवलिंगासारखा. जिन्याने खाली उतरायचं आणि दगडी कमानीखालून मूळ विहिरीशी पोचायचं. त्या कमानीच्या माथ्यावर चक्क छोटासा महाल! माथ्यावर बसून पाणी उपसणारे बैल नि शेतकरी बघत असतील का कोणी, असं उगाच मनात येतं. बंड्या पहिल्या पायरीवरच अडून बसला. खाली काळं पाणी, वर पारव्यांचा आवाज. दोघींनी समजावलं, बिस्किट दाखवलं. नाहीच. शेवटी आळीपाळीने उतरलो. एकीने खाली जायचं, दुसरीने वर बंड्याची समजूत काढायची. कुत्र्याबरोबर फिरणं म्हणजे सगळं अर्ध्या वेगाने आणि एकेकटीने बघणं. आणि खरं सांगू? एकटीने बघितलेली ती विहीर जास्त नीट बघितली गेली. भिंतीवरच्या वाघसिंहांची शिल्पं मी एरवी फोटो काढून विसरले असते.

तर, हॉटेल. पैसे परत मिळाले, सामान परत डिकीत गेलं. एका चहावाल्याने ‘पेठेत एक काकू खोली देतात, विचारून बघा,’ असं सांगितलं. सातारच्या पेठा पुण्यासारख्याच वारांच्या नावांच्या. मंगळवार, शनिवार, गुरुवार. त्यामुळे पत्ता विचारताना आपण अजून घरीच आहोत असं वाटत राहतं. काकूंनी दार उघडलं, बंड्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. ‘चावतो का?’
‘नाही काकू.’
‘चोर आला तर?’
‘तरी नाही.’
‘मग काय उपयोगाचा! असू दे, ओसरीवर बांधा.’

संध्याकाळी राजवाडा. राजवाड्यासमोरच्या गांधी मैदानावर खाऊगल्ली भरते, सातारकर तिला चौपाटी म्हणतात. समुद्र दीडशे किलोमीटर लांब असला म्हणून काय झालं! इथल्याच राजवाड्यात भरणाऱ्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा आंबेडकर नावाच्या मुलाचा प्रवेश झाला. महाराष्ट्रात २०१७पासून हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. मी हे सगळं फ्लॅटमेटला उत्साहाने सांगत होते आणि बंड्या पाणीपुरीच्या गाडीखालच्या स्थानिक मंडळींकडून स्वतःची चौकशी करून घेत होता. गावातल्या कुत्र्यांची हद्द असते, ती आपल्याला दिसत नाही. पण यांना बरोबर दिसते. त्या हद्दीत शिरलं की शेपूट आपोआप पायांत. कंदी पेढे घेतले. खवा चांगला परतून केलेले, खमंग तपकिरी. बंड्याला एकही दिला नाही. त्याने रात्रभर तो राग ओसरीवर बसून व्यक्त केला.

रविवारी सकाळी अजिंक्यतारा. वरपर्यंत गाडीरस्ता आहे, पण आम्ही चालत गेलो. अर्धं सातारा मॉर्निंग वॉकला इथेच येतं. वर मंगळाईचं देऊळ, ताराबाईंच्या वाड्याचे अवशेष, तळी. समोर यवतेश्वर, लांब सज्जनगड. १२ जानेवारी १७०८ रोजी शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यात झाला. त्याच्या आठच वर्षं आधी औरंगजेब स्वतः या किल्ल्याखाली तळ ठोकून होता. मोगलांनी तटाखाली सुरुंग लावले. त्यातला एक असा काही उडाला की तट बाहेरच्या बाजूला कोसळून मोगलांचेच सुमारे २००० लोक गाडले गेले, असं ग्रँट डफने लिहून ठेवलंय. तरी एप्रिल १७००मध्ये किल्ला पडलाच.

हे मी तटावर उभी राहून सांगत असतानाच खाली रस्त्यावर कुणाच्या तरी बुलेटने फाट्‌दिशी आवाज काढला.

बंड्याला फटाक्यांचं भय आहे. एका झटक्यात त्याने मान मागे ओढली आणि माझ्या हातात राहिला नुसता पट्टा.

पुढची चाळीस मिनिटं मला नीट आठवत नाहीत. फ्लॅटमेट दरवाजाकडे पळाली, मी तळ्याकडे. तळ्यात डोकावले, झुडपांत डोकावले, तटाच्या कडेने खाली बघायचं धाडस दोनदा केलं. ट्रॅकसूटमधले एक आजोबा काठी आपटत माझ्याबरोबर ‘बंडू, ए बंडू’ करत फिरत होते. मी त्यांना ‘बंडू नाही, बंड्या’ असंही सांगितलं नाही. डोक्यात एकच हिशोब चालू होता. आठ दिवसांनी ज्याला मी स्वतःच्या हाताने दुसऱ्याच्या ताब्यात देणार होते, त्याच्यासाठी मी काटेरी झुडपात गुडघ्यांवर का आहे?

फोन वाजला. फ्लॅटमेट. ‘ये खाली. दरवाजात आहे.’

महादरवाजाच्या आत, पहारेकऱ्यांसाठीच्या देवडीच्या अगदी कोपऱ्यात तो अंग चोरून बसला होता. थरथरत होता. मला बघून उठलाही नाही, फक्त शेपूट जमिनीवर दोनदा आपटली. आम्ही दोघी त्याच्या शेजारी खाली बसलो. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. येणारे-जाणारे आम्हाला वळसा घालून गडावर जात राहिले. (पट्टा नको, अंगात घालायचा हार्नेस घ्या. आणि गळ्यात फोन नंबर असलेला बिल्ला. आम्ही दोन्ही त्याच दुपारी घेतलं.)

तिथून संगम माहुली. साताऱ्याच्या पूर्वेला जेमतेम पाच किलोमीटर, कृष्णा आणि वेण्णेचा संगम. काळ्या दगडाचे घाट, अठराव्या शतकातलं विश्वेश्वराचं देऊळ, शाहू महाराज आणि ताराराणी यांच्या समाध्या. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे याच माहुलीचे. आणि इथेच खंड्याची समाधी आहे, शाहू महाराजांच्या कुत्र्याची.

शिकारीत वाघ चालून आला तेव्हा या कुत्र्याने महाराजांचा जीव वाचवला, अशी हकीकत. ग्रँट डफ १८१८ ते १८२२ साताऱ्यात कंपनीचा रेसिडेंट होता. तो लिहितो की महाराजांनी या कुत्र्याला जहागीर आणि पालखी दिली, आणि एकदा तर भर दरबारात त्याला जरीची वस्त्रं नि दागिने घालून स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली. डफच्या मते हे राजाला लागलेल्या वेडाचं लक्षण. असेल बुवा. पण लहानपणापासून तरुणपणापर्यंतची वर्षं औरंगजेबाच्या छावणीत कैदेत काढलेला हा माणूस. कोण आपलं, कोण परकं हे ज्याला इतक्या लवकर शिकावं लागलं, त्याने एका कुत्र्यावर एवढा भरवसा ठेवला तर त्यात वेड कुठलं? रायगडच्या वाघ्यावरून २०१२मध्ये केवढं रणकंदन झालं, पुतळा काढला काय, परत बसवला काय! खंड्या मात्र इथे नदीकाठी निवांत आहे. कुणीतरी झेंडूचं एक फूल वाहिलेलं होतं.

बंड्याने चौथरा सगळ्या बाजूंनी हुंगला. मग अत्यंत विचारपूर्वक मागचा पाय उचलला. आम्ही दोघी एकदम किंचाळलो, हार्नेस ओढला, इतिहासाची अब्रू थोडक्यात वाचली. घाटावर धुणं धुणाऱ्या बाया हसून हसून लोळायच्या बाकी होत्या. मग बंड्या कृष्णेत उतरला. विहिरीला घाबरणारा, बुलेटला घाबरणारा आमचा शूरवीर पोटापर्यंत पाण्यात उभा राहून पाणी चावत होता. फ्लॅटमेटने त्याचे फोटो काढले, मग फोन खाली ठेवला आणि जरा वेळ नदीकडे तोंड करून उभी राहिली. मी तिच्याकडे बघितलं नाही. तिला ते आवडलं नसतं.

कासला गेलो नाही. फुलांच्या पठारावर बावीस किलोंचं कुत्रं नेणं हा गुन्हाच. परतताना काकूंकडे सामान घ्यायला थांबलो. त्यांनी बंड्यापुढे भाकरीचा तुकडा टाकला आणि मला म्हणाल्या, ‘पुढच्या खेपेला बाहेरगावी जायचं असलं तर ठेवून जा हो इथं. दोन दिवस मला काय जड नाही.’ पुण्याहून ११० किलोमीटरवरचं बोर्डिंग! पण मी नंबर सेव्ह केला.

सोमवारी सकाळी सासवडला फोन लावला. काका उत्साहात होते. ‘बोला, कधी आणताय? रविवारी येऊ का गाडी घेऊन?’

‘या की,’ मी म्हटलं. ‘पण चहालाच या. साताऱ्याचे पेढे आहेत.’