घरातला संडास निवडताना

भगिनींनो, घर बांधायला काढले की दरवाजा कसला, रंग कोणता यावर घरात आठ-आठ दिवस बोलणे चालते. संडासाचे मात्र सारे गवंड्यावर सोपवले जाते. तसे करू नका. पाणी आणायचे आणि संडास साफ ठेवायचा, ही कामे बहुतेक घरांत बाईच्याच वाट्याला येतात.

पहिला विचार पाण्याचा करा. आपल्या हिंगोली जिल्ह्यात उन्हाळ्यात हंडाभर पाण्याची किंमत काय, हे सांगायला नको. साध्या उथळ भांड्याला दर वेळी बादलीभर पाणी लागते. ग्रामीण शौचालयासाठी 25 ते 28 अंश उताराचे भांडे मिळते. त्याला 20 मिलिमीटर पाणी धरणारा कोंबडा बसवला की दीड-दोन लिटर पाण्यात काम भागते. कोंबड्यातल्या त्या पाण्यामुळेच दुर्गंधी व माशा वर येत नाहीत. घरात गुडघे दुखणारे म्हातारे माणूस असेल तर कमोड बसवा, नाहीतर भिंतीला धरायला दांडी तरी लावून घ्या.

दुसरा विचार मैला जातो कोठे याचा. सेप्टिक टाकी कधी ना कधी उपसावी लागते. तिच्यात विषारी वायू साठतो आणि आत उतरलेला माणूस गुदमरून मरतो. संरक्षक साधनांशिवाय टाकीत माणूस उतरवणे 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. तरीही मृत्यू थांबले नाहीत. 20 ऑक्टोबर 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई 10 लाखांवरून 30 लाख रुपये केली. उतरणारा कोणत्या वस्तीतला असतो, हे आपण जाणतोच.

यावर उपाय म्हणजे दोन शोषखड्ड्यांचा संडास. एक खड्डा भरला की मधल्या चेंबरमधून मैला दुसऱ्या खड्ड्याकडे वळवायचा. भरलेला खड्डा दीड वर्ष झाकून ठेवला की आतल्या मैल्याचे कोरडे, वास नसलेले सोनखत होते. ते घरच्या माणसाला फावड्याने काढता येते.

काळ्या जमिनीत पाणी हळू मुरते. म्हणून खड्ड्याच्या जाळीदार बांधकामाभोवती फूटभर वाळू-खडी भरून घ्या. तळाला सिमेंट करू नका. विहीर किंवा बोअर निदान 10 मीटर लांब असावी.

गवंडी म्हणेल, "टाकीच बरी." तेव्हा त्याला एवढेच विचारा, "ती उपसायला आत कोण उतरणार?"