दिवाडीला स्कूटरवरून

दिल्लीच्या द्वारकेतून विमानतळ जवळ; त्यामुळे गोव्याचा बेत चार मित्रांत पटकन ठरतो. पाय मात्र किनाऱ्याकडेच वळतात. मांडवीच्या कुशीतलं दिवाडी बेट राहून जातं, हे खरं नुकसान.

जुन्या गोव्यात व्हाइसरॉयच्या कमानीजवळच्या धक्क्यावर स्कूटर थेट फेरीबोटीत चढवायची. काही मिनिटांत पलीकडे! पुढे खाजन शेतं, बगळे, पोर्तुगीज वळणाची घरं आणि पिएदादच्या टेकडीवरचं चर्च. इथं घाई करू नये. स्कूटर बंद करून थोडं चालावं.

मराठी माणसाला हे बेट अधिक जवळचं वाटावं. कदंबांचं दैवत सप्तकोटेश्वर मूळचं इथलं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी देऊळ पाडलं. भाविकांनी लिंग नदीपार नार्व्याला नेलं. तिथल्या मंदिराचा जीर्णोद्धार 1668 मध्ये शिवाजी महाराजांच्या आज्ञेनं झाला. दिवाडीहून नार्व्यालाही फेरीबोट जाते, म्हणजे दैवताच्या त्या वाटेनं आजही जाता येतं.

भाड्याची स्कूटर घेताना काळ्या पाटीवर पिवळे आकडे आहेत ना, एवढं पाहा. परवाना जवळ ठेवा. हेल्मेट घाला, आणि गावातून जाताना हॉर्न वाजवू नका.