खुर्च्यांचा हिशेब लागतो, हेलिकॉप्टरचा नाही

तहसील कार्यालयातल्या एका खोलीत लॅपटॉपवर आदल्या दिवशीच्या सभेचं चित्रीकरण चाललेलं असतं. लिपिक ते मध्येच थांबवतो, मागे नेतो, कागदावर मांडत जातो: खुर्च्या, मंडप, कमानी, कर्णे, गाड्या. जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांच्या दरपत्रकातला भाव लावला की आकडा प्रशासनाच्या छाया नोंदवहीत चढतो.

उमेदवाराची नोंदवही वेगळी. पांढऱ्या पानांवर रोजचा खर्च, गुलाबी पानांवर रोकड, पिवळ्या पानांवर बँक. प्रचारकाळात ती किमान तीनदा तपासणीला आणावी लागते. दोन्ही वह्या शेजारी उघडल्या की घासाघीस सुरू होते.

"साहेब, एवढ्या खुर्च्या नव्हत्याच. निम्म्या मंडपवाल्यानं नुसत्या रचून ठेवल्या होत्या."

"रचलेल्या सोडूनच मोजल्यात. पटत नसेल तर नोटिशीला लेखी उत्तर द्या."

चिकाटी उगाच नाही. विधानसभेच्या उमेदवाराला महाराष्ट्रात २०२२ पासून ४० लाखांची मर्यादा आहे. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब दिला नाही, तर तीन वर्षांची अपात्रता ओढवू शकते.

पुढच्या चित्रफितीत हेलिकॉप्टर उतरतं, आणि लिपिकाचं पेन थांबतं. स्टार प्रचारकाचा प्रवास उमेदवाराच्या नावे पडत नाही. उमेदवार सोबत बसून आला असता, तर निम्मा खर्च त्याच्यावर आला असता; म्हणून तो आधीच हेलिपॅडवर हार घेऊन उभा असतो. मात्र व्यासपीठावर तो चढला, की मंडपाचा खर्च त्याच्या वहीत.

ही फट जुनी आहे. १९७४ साली कंवरलाल गुप्ता खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं, पक्षानं उमेदवारासाठी केलेला खर्च उमेदवाराचाच धरला. त्याच वर्षी कायदा बदलून तो निकाल निष्प्रभ करण्यात आला. २००३ मध्ये सवलत आवळली गेली, तरी स्टार प्रचारकांचा प्रवास आणि पक्षाचा सर्वसाधारण प्रचार बाहेरच राहिला. विधानसभा निवडणुकीनंतर पक्ष ७५ दिवसांत आयोगाला खर्चाचं विवरण देतात. पण त्या खर्चाला वरची मर्यादाच नाही.

म्हणून सुधारणेची सुरुवात ४० लाखांचा आकडा वाढवण्या-घटवण्यापासून नको. पक्षाच्या राज्यातल्या खर्चालाही मर्यादा घाला आणि जिल्ह्याजिल्ह्यांत त्याची छाया नोंदवही ठेवा. पथकं आहेत, कॅमेरे आहेत, दरपत्रक आहे. हेलिकॉप्टरचं चित्रीकरणही झालेलंच आहे. हवी आहे ती फक्त कायद्यातली दुरुस्ती, आणि ती करायची आहे त्याच पक्षांच्या निवडून आलेल्या खासदारांना.